ग्रहण चंद्राला, कोंडी बाईची

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ती बाईच्या पोटावर पडत नाही. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. तरीही आज, घराघरात मोबाइल पोचल्यावरही, ग्रहण आलं की गरोदर बाईला आतल्या खोलीत बसवलं जातं. असं का होतं, त्यात कोणाचा फायदा आहे आणि आपण बायकांच्या गटांनी याबाबत काय करायचं, हे मला मांडायचं आहे.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं उदाहरण घेऊ. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत साऱ्या भारतातून दिसू शकणारं होतं. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावलीची कड चंद्राला लागली. ११ वाजून १ मिनिटाने चंद्र पुरता सावलीत गेला. पुढची ८२ मिनिटं तो तांबूस रंगाचा दिसत राहिला आणि रात्री दीडच्या सुमाराला ग्रहण सुटलं. ढगांनी वाट दिली तिथे लोकांनी ते गच्चीवरून, मैदानातून, गावाबाहेरच्या माळावरून पाहिलं.

हे साडेतीन तास गरोदर बायांनी कुठे काढले? याची मोजदाद कोणी करत नाही. पण मैत्रिणींनो, तुम्हाला आणि मला ते माहीत आहे. खिडक्यांना चादरी लावलेल्या असतात. पाणी प्यायचं नाही, खायचं नाही, लघवीला जायचं नाही, झोपायचं नाही, विळी-सुरी-कात्री-सुईला हात लावायचा नाही. काही घरांत हातापायांची बोटं दुमडायलाही बंदी असते. शास्त्राप्रमाणे चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी, म्हणजे नऊ तास आधी लागतात. गरोदर बाईला त्यात सवलत आहे असं मोठ्या उदारपणे सांगितलं जातं. सवलत म्हणजे काय, तर उपाशी राहायचे तास कमी. कोंडून बसायचे तास तेवढेच.

लिंबू आणि हरभरा

आधी ग्रहण समजून घेऊ. गटाच्या बैठकीत हे घरच्या वस्तूंनी दाखवता येतं. एक मध्यम लिंबू घ्या, ती पृथ्वी. एक मोठासा हरभरा घ्या, तो चंद्र. दोन्ही एकमेकांपासून सव्वा मीटरवर धरा. आकार आणि अंतर यांचं प्रमाण साधारण खरं उतरतं. पृथ्वीचा व्यास १२,७०० किलोमीटरच्या आसपास, चंद्राचा ३,४७६ आणि दोघांमधलं सरासरी अंतर ३,८४,००० किलोमीटर. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात दोघं जवळजवळ चिकटलेले दाखवतात, त्यामुळे मुळातच घोटाळा होतो.

सूर्याच्या उजेडात लिंबामागे सावली पडते. ती निमुळती होत जाते आणि सव्वा मीटरवर तिची रुंदी सुमारे पावणेतीन हरभऱ्यांएवढी उरते. चंद्र या सावलीतून गेला की चंद्रग्रहण. त्यासाठी सूर्य एका बाजूला आणि चंद्र बरोबर विरुद्ध बाजूला हवा, म्हणून चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. मग दर पौर्णिमेला का होत नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आपल्या लिंबू-हरभऱ्याच्या हिशेबात हरभरा वरखाली दहा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि सावली तर जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. बहुतेक पौर्णिमांना हरभरा सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंजवळ पौर्णिमा आली तरच ग्रहण लागतं. आपल्या ज्योतिर्गणितात या दोन बिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. गणितात राहू-केतूंना तोंड नाही, धड नाही आणि भूकही नाही.

चंद्र लाल का होतो? पृथ्वीभोवती हवेचं पातळ आवरण आहे. सूर्याचा उजेड त्यातून जाताना निळा रंग विखुरतो, लाल-तांबडा उरतो आणि तो वाकून सावलीच्या आत शिरतो. सूर्यास्ताला आभाळ लाल होतं ते याच कारणाने. खग्रास चंद्रग्रहणात त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो किंवा मावळतो आहे, त्या सगळ्या ठिकाणचा लाल उजेड एकदम चंद्रावर पडलेला असतो. हवेत धूळ-राख जास्त असेल तर चंद्र काळवंडतो. फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये फुटला आणि त्यानंतर ९ डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फारच काळोखा दिसला. म्हणजे ग्रहणात आपण चंद्राकडे पाहून पृथ्वीच्या हवेची तब्येत ओळखू शकतो. बाईच्या गर्भाची तब्येत त्यातून कळत नाही आणि बिघडतही नाही.

पंचांगाला सगळं ठाऊक आहे

लोक म्हणतात, जुन्या माणसांना विज्ञान माहीत नव्हतं म्हणून त्यांनी भीतीपोटी नियम केले. हे अर्धवट खरं आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ग्रहणाचं कारण सावली आहे, राहू नव्हे, हे सांगितलं. आणि त्याच ग्रंथात पुढे कोणत्या ग्रहणाने कोणाचं अनिष्ट होतं याची फळंही दिली. गणित खरं सांगायचं आणि भीतीही चालू ठेवायची, हा व्यवहार तेव्हापासून सुरू आहे.

आजही पंचांग उघडून पाहा. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. ग्रहणाच्या पाच पायऱ्यांना पाच नेमके शब्द आणि प्रत्येकापुढे तास-मिनिटं. सावली लागते तो स्पर्श, चंद्र पुरता बुडतो ते संमीलन, बाहेर यायला लागतो ते उन्मीलन, पुरता सुटतो तो मोक्ष. ही वेळ राहूला विचारून काढलेली नसते. पृथ्वी, चंद्र, सूर्य यांच्या गतींवरून काढलेली असते. पंचांग करणाऱ्याला ग्रहण म्हणजे सावली हे पक्कं ठाऊक असतं, नाहीतर त्याची मिनिटं चुकली असती. त्याच पानावर खाली ‘गर्भवतींनी पाहू नये’ असं छापलेलं असतं. वरच्या ओळीत गणित आणि खालच्या ओळीत धाक. वरची ओळ कळणारा नेहमी पुरुष असतो आणि खालची ओळ पाळणारी नेहमी बाई, हा योगायोग नाही.

ज्याला ग्रहणाची वेळ माहीत तो ज्याला माहीत नाही त्याच्यावर राज्य करतो, याचा एक उघडा दाखला इतिहासात आहे. कोलंबस १५०३ पासून जमैकाच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला आणि त्याच्या खलाशांना फुकट अन्न देणं थांबवलं. कोलंबसाजवळ युरोपातलं छापील पंचांग होतं. २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्री चंद्रग्रहण आहे हे त्यावरून पाहून त्याने रहिवाशांना दम दिला, तुम्ही अन्न देत नाही म्हणून देव कोपला आहे, तो चंद्र काढून घेणार. चंद्र लाल झाला, लोक घाबरले, अन्न सुरू झालं.

प्राचीन ग्रीसमधल्या थेसलीच्या अग्लाओनिकी नावाच्या बाईबद्दल प्लुटार्क लिहितो की तिला चंद्रग्रहणांचं ज्ञान होतं आणि आपण चंद्र खाली ओढतो अशी छाप तिने इतर बायकांवर पाडली. म्हणजे ज्ञान बाईच्या हातात आलं की आपोआप सगळं चांगलं होतं असंही नाही. ते एकीच्या हातात राहिलं तर तीही दुसरीला घाबरवू शकते. म्हणून ते साऱ्याजणींच्या हातात जायला हवं. पंचांगातली वरची ओळ प्रत्येक बाईला वाचता आली पाहिजे, ही आपली पहिली मागणी.

सुरी आणि कोयता

आता मुख्य धाकाकडे येऊ. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर मुलाचा ओठ फाटतो, असं सांगितलं जातं. ओठ फाटलेलं मूल ही कल्पना नाही. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येतं. त्या घरावर काय ओढवतं हे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्तीला सांगायला नको. मुलाला दूध ओढता येत नाही. आणि पहिल्याच दिवशी बाळंतिणीला प्रश्न विचारला जातो, ‘ग्रहणात काय केलं होतंस?’

याचं उत्तर प्रत्येक गटाकडे तयार हवं. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. त्या वेळी कित्येक बायांना आपल्याला दिवस गेलेत हेच नीट कळलेलं नसतं. सातव्या-आठव्या महिन्यात पोट दिसायला लागलं की घर ग्रहण पाळायला बसवतं, तेव्हा ओठ जुळून कित्येक महिने झालेले असतात. जुळलेला ओठ भाजी चिरल्याने फाटत नाही. तो न जुळण्याची कारणं वेगळी आहेत. आनुवंशिकता, आधीपासूनचा मधुमेह, धूम्रपान, फिटांवरची काही औषधं ही त्यातली माहीत असलेली. फॉलिक अॅसिडची कमतरताही धोका वाढवते असं मानलं जातं. बऱ्याच वेळा नेमकं एक कारण सापडतही नाही. पण त्यात सुरी नाही, सुई नाही आणि चंद्रही नाही. या दोषावर शस्त्रक्रिया होते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठाचा व टाळूचा समावेश आहे. बाईला दोष देण्यात जे दिवस जातात ते मुलाला डॉक्टरकडे नेण्यात जायला हवेत.

आणि चिरण्या-कापण्याचीच एवढी भीती असेल तर ऊसतोडीच्या फडाकडे पाहा. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो जोडपी ऊस तोडायला जातात. पोटुशी बाई पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरते, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते आणि दिवस भरेपर्यंत हेच करते. तिच्या हातातला कोयता कोणी काढून घेत नाही, कारण एक कोयता बसला तर उचल फिटत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयाची आणि गर्भाची खरी काळजी करणाऱ्या समाजात हे झालं नसतं. घरातली सुरी गर्भाला बाधते आणि कारखान्याचा कोयता बाधत नाही, असं कोणत्याही शास्त्रात बसत नाही. ते फक्त हिशेबात बसतं.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या शंभर गरोदर बायांमागे ५२ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. अशा बाईला तासन् तास उपाशी आणि तहानलेली ठेवणं, लघवी तुंबवायला लावणं याचा त्रास मात्र खरा आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी असेल तर उपास तिच्या जिवावर येऊ शकतो. ग्रहणामुळे बाईला बाधा होते ती एवढीच, आणि ती आकाशातून येत नाही.

स्पर्श आणि विटाळ

ग्रहणाच्या भाषेकडे कान द्या. स्पर्श, सुतक, सोवळं, शुद्धी, सुटल्यावर आंघोळ. हे शब्द आपण आणखी कुठे ऐकतो? पाळी आली की बाहेर बसायचं, बाळंत झाली की दहा दिवस सोयर, दलित वस्तीतला माणूस शिवला की पाणी टाकून द्यायचं. चंद्राला सावली शिवली म्हणून तो विटाळला, असं मानणारं मन आणि माणसाच्या सावलीने विटाळणारं मन एकच आहे.

ग्रहणाची कथाही तशीच. देवांच्या पंगतीत जाऊन बसला आणि अमृताचा घोट घेतला म्हणून राहूचं शीर उडवलं. चुकीच्या पंगतीत बसण्याची शिक्षा या देशात कोणाला मिळत आली हे आपल्याला शिकवायला नको. ग्रहण लागलं की ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ असा पुकारा करत मांग समाजातली माणसं दारोदार फिरायची आणि सवर्ण घरं आपल्यावरची बला टळावी म्हणून दूर उभं राहून त्यांच्या पदरात धान्य आणि जुने कपडे टाकायची. त्यांत लेकुरवाळ्या बाया होत्या, पोटुश्याही असतील. त्यांनी ग्रहणाच्या उघड्या आभाळाखाली फिरायचं आणि वाड्यातल्या सुनेने खिडकीसुद्धा उघडायची नाही. एकीला आत कोंडायचं आणि दुसरीला बाहेर हिंडवायचं, हा एकाच व्यवस्थेचा कारभार. म्हणून ग्रहणाचा प्रश्न फक्त अंधश्रद्धेचा नाही. तो जातीचा आणि बाईचाही आहे. हे न सांगता नुसती दुर्बीण दाखवून आपलं काम होत नाही.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप येतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांकडून. ‘तीन तास बसली तर काय बिघडलं? उलट विश्रांती मिळते.’ विश्रांती द्यायचीच असेल तर रोज दुपारी द्या. तिला पाय पसरून झोपू द्या, तिचे हंडे दुसऱ्याने भरा. जी विश्रांती पाणी तोडून, झोप तोडून आणि धाक घालून दिली जाते तिला दुसरं नाव आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. एखाद्या बाईला स्वतःहून उपास करायचा असेल, जप करायचा असेल, तर तिला अडवणारे आपण कोण? बरोबर आहे, अडवू नये. पण तिला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, हे आपण विचारायचं. जिथे नाही म्हणणारीला पुढे आयुष्यभर बोल खावे लागतात तिथे होकाराला अर्थ राहत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. बलात्कार, मारहाण, वेतन, रेशन एवढे प्रश्न असताना ग्रहण कसलं घेऊन बसलात? मला वाटतं, हा प्रश्न त्यांच्याहून वेगळा नाही. मारहाण झाल्यावर ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणतात. मूल अपंग झालं की ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणतात. काही घडलं की दोष बाईच्या अंगाला चिकटवायची ही सवय एकच आहे. एका टोकाला ती सोडवली तर दुसऱ्या टोकाला सैल पडते.

चौथी गोष्ट आपल्या पुरोगामी मित्रांना सांगायची आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ग्रहणात गरोदर बायांकडून भाजी चिरवून घेण्याचे, त्यांना ग्रहण दाखवण्याचे कार्यक्रम केले. ज्या बाया त्यात उभ्या राहिल्या त्यांचं धैर्य मोठं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या वाटेवर चालणाऱ्यांना काय मोजावं लागतं हे आपण विसरलेलो नाही. पण एक विचार करा. शंभर बायांनी असं केलं आणि त्यांतल्या एकीच्या मुलात ग्रहणाशी काहीही संबंध नसलेला दोष निघाला, तर काय होईल? कार्यक्रमाचे फोटो छापून आलेले असतील, आणि नंतर त्या घरात ती एकटी असेल. म्हणून गरोदर बाईला प्रयोगाचं साधन करू नका. तिची मर्जी असेल तर ती येईल आणि आली तर बाळंतपणानंतरही गट तिच्या दारात उभा राहील, हे आधी ठरवा. त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी कायदा भोंदूला पकडू शकतो. सासूच्या मनातल्या भीतीला तो पकडू शकत नाही. आणि ती सासूही कधीकाळी अशीच कोंडली गेली होती. तिची टर उडवून ती बदलणार नाही. तिलाच आधी दुर्बिणीपाशी आणा.

दुर्बिणीमागे कोण?

ग्रहण दाखवण्याच्या कार्यक्रमांतही एक गंमत दिसते. दुर्बीण लावतो पुरुष, माहिती सांगतो पुरुष, फोटो काढतो पुरुष. बायका पोरांना रांगेत उभं करतात आणि चहा-पोह्यांचं बघतात. विज्ञानातसुद्धा बाईच्या वाट्याला पातेलं.

हे नवं नाही. अॅनी रसेल ही आयरिश बाई १८९१ मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीला लागली. १८९५ मध्ये तिने तिथल्याच खगोलशास्त्रज्ञ मॉन्डर यांच्याशी लग्न केलं आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही या नियमाने तिची नोकरी गेली. नवऱ्याची राहिली. पण तिने काम सोडलं नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ती भारतात आली आणि आपल्या वऱ्हाडात, तळणी इथल्या तळावरून, स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभेचे फोटो घेतले. प्रभेचा इतका लांब झोत तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये, बायकांना प्रवेश द्यायचा नियम झाल्यावर. वऱ्हाडातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं? ज्या मातीवर उभं राहून एका बाईने ग्रहणाचा असा फोटो काढला, त्याच मातीत आज बाईने ग्रहणाकडे नजर टाकायची नाही.

कॅमेरा हातात घ्या

म्हणून आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट, चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणं पूर्ण सुरक्षित आहे. चष्मा, काच, काही लागत नाही. सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी, तिथे योग्य चष्म्याशिवाय पाहिलं तर डोळे खरोखर जातात. हा फरक प्रत्येक गटात स्पष्ट सांगा, नाहीतर एका ग्रहणाची खरी भीती दुसऱ्याला चिकटते.

काय पाहायचं? सावलीची कड गोल असते. पृथ्वी गोल आहे याचा हा पुरावा अॅरिस्टॉटलने दिला होता, तो आपल्या अंगणातून दिसतो. खग्रास लागताना आणि सुटताना कडेला फिकट निळसर पट्टा दिसतो का पाहा, तो हवेतल्या ओझोनमुळे येतो. पौर्णिमेच्या उजेडात लपलेले तारे हळूहळू उमटतात. काळोख किती हे मोजायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दाँजाँ यांनी १९२१ मध्ये शून्य ते चार अशी मापं सुचवली. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील: जवळजवळ दिसेनासा चंद्र शून्य, तव्यासारखा करडा-काळपट एक, गंजाचा गडद लाल दोन, विटेसारखा आणि कडेला उजळ तीन, घासलेल्या तांब्यासारखा झळझळीत चार. प्रत्येकीने आपला आकडा वहीत लिहायचा, मग एकमेकींचे ताडून पाहायचे. यंत्र न लागणारं हे खरं निरीक्षण आहे.

फोटोसाठी महागडा कॅमेरा हवाच असं नाही. कॅमेरा असेल तर तो तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल तर तांदळाची पिशवी गच्चीच्या कठड्यावर ठेवून तीत तो बसवा. ग्रहणाआधीचा पूर्ण चंद्र फार तेजस्वी असतो. आयएसओ १००, छिद्र एफ-८ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. सावली वाढेल तसा वेळ वाढवत न्या. खग्रास स्थितीत आयएसओ ८०० ते १६००, छिद्र जमेल तेवढं मोठं आणि एक ते दोन सेकंद. याहून जास्त वेळ ठेवला तर चंद्र सरकल्यामुळे लांबट येतो. बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावा. २०० मिलिमीटरच्या भिंगातून चंद्राची प्रतिमा जेमतेम दोन मिलिमीटर येते, तेव्हा छापील मासिकांतल्यासारखं चित्र आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

मोबाइल असेल तर फ्लॅश बंद करा, फोन विटांमध्ये टेकवा, पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करा, टायमर लावा. दुर्बिणीच्या भिंगाला फोन धरूनही चंद्र छान टिपता येतो. पण माझी शिफारस अशी आहे की नुसता चंद्र टिपू नका. चंद्र मोठ्या दुर्बिणींनी कितीतरी उत्तम टिपलेला आहे. लाल चंद्राखाली गच्चीवर बसलेल्या बाया, खुर्चीत शाल घेऊन बसलेली आठव्या महिन्यातली सून, तिच्या शेजारी मान वर करून पाहणारी सासू, हा फोटो कोणत्याही वेधशाळेकडे नाही. अर्थात तिला विचारून काढा आणि तिने हो म्हटलं तरच दुसऱ्याला दाखवा.

३१ डिसेंबर २०२८

भारतातून नीट दिसेल असं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. साडेआठनंतर सावली लागेल आणि पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पुरता सावलीत असेल. थंडीचे दिवस, त्यामुळे आपल्याकडे आभाळ बहुधा स्वच्छ. ही रात्र नीट लक्षात घ्या. वर्षअखेर म्हणून पुरुष रस्त्यावर असतील, दारूची दुकानं उशिरापर्यंत उघडी राहतील, बंदोबस्तही त्यांच्याच सोयीचा असेल. बायांना एका बाजूने सांगितलं जाईल की ग्रहण आहे, बाहेर पडू नका आणि दुसऱ्या बाजूने सांगितलं जाईल की रात्र वाईट आहे, बाहेर पडू नका. दोन्ही वाक्यांचा शेवट सारखाच आहे.

तेव्हा तयारी आतापासून करू. दर पौर्णिमा ही सरावाची रात्र आहे. महिन्यातून एकदा गटाची बैठक रात्री गच्चीवर किंवा मैदानात घ्या, लिंबू-हरभरा मांडा, फोटो काढायचा सराव करा. सोसायटीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते शोधा आणि ती मागा. आशाताई, अंगणवाडीताई, सुईणबाई यांना आधी बोलवा, कारण गरोदर बाईच्या घरात त्यांचा शब्द चालतो. पंचांगातल्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून नळावर, रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या भिंतीवर लावा. त्याखाली एवढंच लिहा: पोटभर खा, पाणी प्या, लागलं तर जाऊन या, झोप आली तर झोपा, पाहावंसं वाटलं तर या. खुर्च्या, पाणी, जवळ संडास आणि परत घरी पोचवणारी सोबत यांची जबाबदारी गटाची.

वेधशाळा आपलं काम करील, पंचांगवाले त्यांचं करतील. बायांना खोलीबाहेर आणण्याचं काम मात्र आपल्याशिवाय कोणी करणार नाही. त्या रात्री आपल्या वस्तीतून किती जणी बाहेर आल्या ते मोजा आणि तो आकडा या मासिकाला कळवा. आजवर ही मोजदाद कोणी केलेली नाही. ती आपण सुरू करू.